बॅटरीवरच्या चेनसॉची चेन सारखी उतरते : जोडणी आणि ताण नेमका कसा असावा?

पोफळवाला (मंगळवार, सकाळी ८:४०)

नमस्कार मंडळी. गुहागरला आमच्या घरामागे, समुद्राच्या अंगाला, नारळ-पोफळीची वाडी आहे. यंदाच्या पावसात सात पोफळी आणि काजूचे एक जुने झाड आडवे झाले. कोयती आणि कुऱ्हाडीने काम उरकेना, रोजावर माणूस मिळेना, म्हणून बॅटरीवर चालणारा, बारा इंची बारचा (बार म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी) चेनसॉ ऑनलाइन मागवला. खोक्यात यंत्र, बार, चेन, एक पाना, बॅटरी आणि चार्जर असे सर्व सुटे आले. सोबत माहितीपुस्तिका आहे. परंतु तिच्यातील चित्रे इतकी बारीक आहेत की भिंग लावूनही खुंटी कोणती आणि स्क्रू कोणता हे कळत नाही.

पुस्तिका पाहून मीच जोडणी केली. दोन दिवसांत चेन तीन वेळा उतरली. पहिल्यांदा वाटले की ती सैल राहिली, म्हणून घट्ट आवळली. तेव्हा ती हाताने सरकेनाशी झाली आणि बॅटरीही एरवीपेक्षा फार लवकर संपली. पुन्हा सैल केली, तर काजूची मनगटाएवढी फांदी कापताना परत उतरली. सायकलच्या चेनला जसा थोडा झोल ठेवतात तसाच येथेही ठेवावा, असा माझा समज होता. ताण नेमका किती असावा आणि तो कसा ओळखावा, हे कृपया जाणकारांनी सांगावे. जोडणीतच काही चुकले असेल तर तेही सांगावे.

रातांबा (सकाळी ८:५५)

ताणाचे नंतर पाहू. ही सगळी खटपट करताना बॅटरी यंत्रातून बाहेर काढली होती ना?

पोफळवाला (सकाळी ९:०२)

पहिल्या वेळी काढली होती, कारण ती तेव्हा चार्जिंगला होती. पुढच्या दोन्ही वेळा आतच होती, हे प्रामाणिकपणे सांगतो.

रातांबा (सकाळी ९:३१)

विचारण्याचे कारण माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीवर आहे. मागच्या वर्षी वाडीतच, उकिडवा बसून, यंत्र मांडीवर आडवे घेऊन मी चेन सरकते का ते पाहत होतो. यंत्र घसरू लागले म्हणून उजव्या हाताने मागची मूठ गच्च धरली. तळव्याने बाजूचे लॉकचे बटण दाबले गेले आणि बोटाने ट्रिगर. चेन जेमतेम वीतभर सरकली असेल. चामड्याचा हातमोजा होता म्हणून बोट वाचले, तरीही तीन टाके पडले.

पेट्रोलचे यंत्र दोरी ओढल्याशिवाय सुरू होत नाही, सुरू झाले की चार घरांना ऐकू जाते आणि त्यामुळे त्याचा धाक आपोआप राहतो. बॅटरीचे यंत्र मात्र कोपऱ्यात ठेवलेल्या मिक्सरसारखे मुकाट बसलेले असते आणि बोट लागताच पूर्ण वेगाने फिरते. म्हणून बार, चेन, कव्हर यांपैकी कशालाही हात लावण्यापूर्वी बॅटरी नुसती सैल करू नका, पूर्ण काढा आणि हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा. मी ती ओटीवरच्या कोनाड्यात ठेवतो आणि काम संपेपर्यंत तिच्याकडे पाहतही नाही. हातमोजे घाला, कारण चेन थांबलेली असली तरी तिचे दात कापतातच.

भिरूड (सकाळी ९:४४)

आंब्याची खोडे आतून पोखरणारा मी एक गरीब कीटक. माझे काम बॅटरीविना, तेलाविना आणि चेन न उतरता अव्याहत चालते, एवढेच नम्रपणे नमूद करतो.

गडगा (सकाळी ११:२०)

चिपळूणजवळ माझे शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. ग्रास कटर, पंप आणि अलीकडे असे चेनसॉ दुरुस्तीला येतात. आमच्याकडे गिऱ्हाईक या दोन्ही यंत्रांना नुसते 'कटर' म्हणते, त्यामुळे फोनवर अर्धा वेळ कोणता कटर हे विचारण्यातच जातो. असो. पोफळवालासाहेब, आपण सांगितलेल्या लक्षणांवरून मला जोडणीचीच शंका येते; म्हणून ती सुरुवातीपासून लिहितो.

बॅटरी काढल्यावर पुढच्या मुठीसमोरची हाताची ढाल पहा. ती पुढे ढकललेली असेल तर ब्रेक लागलेला आहे. मुठीकडे ओढली की तो सुटतो. नवी यंत्रे पुष्कळदा ब्रेक लावूनच येतात. ब्रेक लागलेला असेल तर चेन हाताने सरकत नाही आणि माणसाला वाटते की ताण जास्त झाला. काही यंत्रांत ब्रेकचा पट्टा कव्हरमध्येच असतो. तेथे ब्रेक लावून कव्हर काढले, तर ते परत बसत नाही. म्हणून ब्रेक आधी सोडा.

मग नट काढून बाजूचे कव्हर बाजूला ठेवा. आत बार ज्यावर बसतो तो खिळा, चेन फिरवणारे दातेरी चाक म्हणजे स्प्रॉकेट, आणि ताणाच्या स्क्रूला जोडलेली एक बारीकशी खुंटी दिसेल. काही यंत्रांत ही खुंटी कव्हरच्या आतल्या अंगाला असते. ताणाचा स्क्रू उलटा फिरवून खुंटी पार मागे आणा, म्हणजे चेन बसवायला जागा मिळते. चेन टेबलावर मोकळी पसरून तिच्यातील पीळ काढा. नंतर बारच्या नाकापासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, सुरुवात करून चेनच्या पोटाकडचे टोकदार दुवे, ज्यांना दुकानात ड्राइव्ह लिंक म्हणतात, बारच्या खोबणीत बसवत मागे या. मागे उरलेला फास स्प्रॉकेटवर चढवा आणि बार खिळ्यावर ठेवा.

आता दोन गोष्टी पाहायच्या. बारच्या वरच्या अंगाला कापणाऱ्या दातांची धार नाकाकडे, म्हणजे आपल्यापासून दूर, वळलेली हवी; खालच्या अंगाला ती आपोआप यंत्राकडे वळलेली दिसते. यंत्रावर किंवा बारवर चेनचे लहान चित्रही कोरलेले असते, त्याच्याशी ताडून पहा. दुसरी गोष्ट म्हणजे ती खुंटी बारच्या छोट्या भोकात नेमकी शिरली पाहिजे. येथेच दहापैकी पाच जण चुकतात, आणि तुम्हीही येथेच चुकला असाल, असा माझा कयास आहे. खुंटी भोकाबाहेर राहिली तर स्क्रू फिरतो, पण बार जागचा हलत नाही. हाताने ओढून जेवढा ताण दिला असेल तेवढाच राहतो आणि पहिल्या दोन-चार कापांतच तो जातो.

कव्हर लावून नट बोटांनीच फिरवा. पाना अद्याप लावू नका. बारचे नाक वर उचलून धरा आणि ते तसेच धरून ताणाचा स्क्रू फिरवा. खालच्या अंगाला लोंबणारी चेन बारला टेकली की थांबा, आणि नाक खाली न सोडता नट पान्याने पक्का करा. नाक वर का धरायचे, तर बारला खिळ्यावर थोडी मोकळीक असते. आपण खालच्या अंगाने लाकूड कापतो तेव्हा लाकूड बारला वर रेटते. नाक खाली असताना नट आवळला असेल, तर पहिल्याच कापात बार वर सरकतो आणि चेन ढिली पडते.

चाकरमानी (सकाळी ११:५८)

धारेच्या दिशेबद्दल माझीही एक आठवण सांगतो. गणपतीला कुडाळला गेलो होतो तेव्हा नव्या चेनसॉने फणसाची वाळकी फांदी कापायला घेतली. दहा मिनिटे जोर लावला. धूर निघाला, लाकडावर काळा पट्टा उमटला, पण काप काही जाईना. मी विक्रेत्याला मनात यथेच्छ शिव्या घालत होतो. शेजारचे आबा तोंडात पान घोळवत बराच वेळ पाहत होते. शेवटी जवळ येऊन म्हणाले, "दात पाठी बगतत, तर लाकूड कसा कापतला?" चेन मी उलटी चढवली होती.

कातळफूल (दुपारी १२:३५)

गडगासाहेबांची जोडणीची माहिती उत्तम आहे. ताणाबद्दल मात्र थोडा वेगळा अनुभव मांडते. देवगडला आमची हापूसची बाग आहे. जुन्या कलमांची विरळणी आणि वाळक्या फांद्या काढण्याचे काम पाऊस ओसरल्यावर बरेच दिवस चालते, त्यामुळे हे यंत्र आमच्याकडे सलग वापरले जाते. पहिल्या वर्षी आम्ही चेन पुस्तिकेप्रमाणे बारला टेकवून ठेवत असू. तरीही दहा-पंधरा मिनिटांच्या कामानंतर ती खाली लोंबू लागे. आमचा गडी ती तेथल्या तेथे पुन्हा आवळी. संध्याकाळी यंत्र तसेच खोपीत ठेवले जाई आणि सकाळी पाहावे तर चेन हाताने सरकत नसे.

कारण साधे आहे. काम करताना चेन तापते आणि लांबते, थंड झाल्यावर आखडते. गरम चेन बारला टेकेल इतकी आवळली, की थंड होताना ती बारवर आणि स्प्रॉकेटच्या दांड्यावर ओढ देते. आता आमचा नियम असा आहे की गरम असताना आवळावीच लागली, तर काम संपताच ताण सैल करून मगच यंत्र ठेवायचे. म्हणून माझे मत असे की थोडी सैल असलेली बरी, पण गच्च नको.

गडगा (दुपारी १:१०)

ताई, थंड-गरमचे आपण सांगितले ते अगदी योग्य आहे आणि ते मी लिहायलाच हवे होते. 'थोडी सैल बरी' याच्याशी मात्र सहमत होता येत नाही. घट्ट चेन बॅटरी खाते, बार तापवते, नाकातले चाक झिजवते. म्हणजे नुकसान यंत्राचे होते. सैल चेन उतरते आणि उतरताना माणसाच्या दिशेने येऊ शकते. यंत्राच्या पोटाशी चेन अडवणारा एक आकडा असतो, परंतु त्याच्या भरवशावर राहू नये.

पोफळवालासाहेबांना मोजमाप हवे आहे, म्हणून सांगतो. चेन थंड असताना, बॅटरी बाहेर ठेवून आणि ब्रेक सोडून, बारच्या वरच्या अंगाला मधोमध चेन दोन बोटांनी उचला. तीन-चार मिलिमीटर उचलली जावी, परंतु पोटाकडचे दुवे खोबणीतून पूर्ण बाहेर येता कामा नयेत. सोडली की ती चट्कन जागेवर बसली पाहिजे. खालच्या अंगाला बार आणि चेन यांत फट दिसू नये. मग हातमोजा घालून चेन नाकाच्या दिशेने ओढा. ती अडखळल्याशिवाय पूर्ण फेरी फिरली पाहिजे. या कसोट्यांना उतरली तर ताण बरोबर आहे. सायकलचा झोल येथे चालत नाही, कारण सायकलची चेन दोन चाकांमध्ये मोकळी असते आणि ही संपूर्ण लांबीभर खोबणीत धावते.

नवी चेन सुरुवातीला लवकर लांबते. पहिल्या दिवशी चार-पाच काप झाले की थांबून, चेन थोडी निवू देऊन, ताण तपासा.

कातळफूल (दुपारी १:२२)

तीन-चार मिलिमीटर हे माप मान्य आहे. मी त्यालाच सैल म्हणत होते. म्हणजे भांडण शब्दांचेच निघाले.

माजघर (दुपारी २:४५)

तेलाचा उल्लेख कोणीच केला नाही म्हणून विचारते. यंत्र बॅटरीचे असले तरी त्यात तेल घालावे लागते, हे आमच्या यजमानांना ठाऊक नव्हते. पेट्रोल नाही म्हणजे तेलही नाही, असे त्यांचे तर्कशास्त्र. आठवडाभर कोरडेच चालवले आणि बारच्या कडा निळसर पडल्या. त्यानंतर त्यांनी घरचे खोबरेल ओतले. आपल्याकडे घाण्याचे खोबरेल मुबलक असते. ते चालते का?

गडगा (दुपारी ३:३०)

वहिनी, निळसर कडा म्हणजे बार भाजला. त्या अंगाची खोबण पसरली असेल तर बार बदलावा लागेल.

नवे यंत्र तेलाविना येते. चेनसॉच्या चेनसाठी वेगळे तेल मिळते. ते थोडे चिकट असते, त्यामुळे वेगाने फिरताना चेनवरून उडून जात नाही. वनस्पतिजन्य तेलापासून केलेली चेनची तेलेही परदेशात वापरतात, तेव्हा खोबरेलाने यंत्राचा स्फोट होईल असे मुळीच नाही. परंतु खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजते. पौष-माघात पहाटे तुमच्या न्हाणीघरात बाटली थिजते, तसेच ते टाकीत आणि पंपाच्या बारीक नळीत थिजेल. शिवाय महिनाभर पडून राहिले की त्याचा चिकटा धरतो. गाडीचे काढलेले जळके ऑइल तर अजिबात घालू नये. त्यात धातूचा कीस असतो आणि ते अंगावर, पिण्याच्या विहिरीजवळ, सर्वत्र उडते.

तेल पोहोचते की नाही हे पाहण्याची सोपी रीत आहे. जमिनीवर वर्तमानपत्राचा कागद पसरा, बारचे नाक त्याच्या वीतभर वर धरा आणि यंत्र काही सेकंद चालवा. कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. उमटली नाही, तर बॅटरी काढून बारच्या मागच्या टोकाचे तेलाचे भोक आणि खोबण साफ करा. बहुधा भुशाचा लगदा अडकलेला असतो.

आडवाट (दुपारी ३:४८)

हातात मावणारे सहा इंची छोटे चेनसॉ हल्ली बरेच जण घेतात, त्यांपैकी पुष्कळांत तेलाची टाकीच नसते. बाटलीने थेंब थेंब घालावे लागते. आणि ते लहान आहेत म्हणून एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने कापण्याचा मोह होतो. तो टाळावा. फांदी धरणारा हात चेनच्या वाटेतच असतो.

चाकरमानी (सायंकाळी ५:०५)

विषय थोडा बाजूला जाईल, तरी विचारतो. बॅटरीचे यंत्र कोकणात कितपत उपयोगी? २०२० सालच्या ३ जूनला निसर्ग वादळ आले, तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत आठवड्यांवर आठवडे वीज नव्हती. वाटेत झाडे आडवी आणि बॅटरी चार्ज करायला जागा नाही, अशी गत झाली असती.

रातांबा (सायंकाळी ५:४०)

आमची पंधरा माडांची बाग त्या दिवशी दुपारी दोन तासांत झोपली. तेव्हा जे काम झाले ते कुऱ्हाडीवर आणि दोन पेट्रोल यंत्रांवर. म्हणून वादळासाठी पेट्रोल आणि रोजच्या वाडीकामासाठी बॅटरी, अशी माझी वाटणी आहे. सगळी बॅटरीच ठेवायची असेल, तर जूनच्या सुरुवातीला दोन बॅटऱ्या भरून ठेवा आणि इन्व्हर्टरवर चार्जर चालतो का ते आधीच पाहून घ्या. मात्र एरवी बॅटरी महिनोन्‌महिने पूर्ण भरून ठेवू नये; लिथियमच्या बॅटरीला अर्ध्याच्या आसपास भरलेले राहणे मानवते. कामावरून आणलेली गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका. दमट, खाऱ्या हवेत तिच्या पितळी पट्ट्या हिरव्या पडतात, त्या कोरड्या फडक्याने पुसत जा.

पडलेल्या झाडावर विजेची तार असेल तर वायरमन येऊन प्रवाह बंद केल्याचे सांगेपर्यंत यंत्राला हातही लावू नये. आणि उभे आंबा, फणस, ऐन, किंजळ तोडायचे असेल तर १९६४च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते, हे ओघाने सांगतो. आता मूळ विषयाकडे वळू.

सुरूचे बन (रात्री ८:१५)

मूळ विषयाकडेच येतो. पोफळवालासाहेब, आपल्या सात पोफळी पडल्या म्हणालात. मी चौलचा, आमचीही वाडी पोफळींचीच. पोफळ काय किंवा माड काय, दोन्हींचे लाकूड नसून काथ्याची जुडी आहे. आंबा-काजू कापताना भुशाचे कण पडतात. पोफळीचे मात्र लांब, ओले तंतू निघतात. ते चेनबरोबर मागे ओढले जातात आणि कव्हरखाली स्प्रॉकेटभोवती गुंडाळतात. तीन-चार खोडांनंतर कव्हर उघडून पाहिले तर आत सुगरणीचे घरटे असते. तंतू स्प्रॉकेट आणि चेन यांच्यामध्ये गेले की चेन वर उचलली जाते आणि ताण कितीही बरोबर असला तरी ती उतरते.

त्यामुळे पोफळी कापताना दर दोन खोडांनंतर, अर्थातच बॅटरी काढून, कव्हर उघडायचे आणि जुन्या दात घासण्याच्या ब्रशने सर्व साफ करायचे, असा माझा क्रम आहे. बारची खोबण पातळ लोखंडी पट्टीने कोरून घ्यायची. त्याच वेळी बार उलटा करून बसवला, म्हणजे खालची कड वर, तर दोन्ही कडा सारख्या झिजतात.

आणखी एक गोष्ट. समुद्राकाठच्या वाडीत आडव्या पडलेल्या खोडाला वाळू चिकटलेली असते. वाळूला चेन एकदा लागली की धार गेलीच. कापायच्या जागी खोडाची साल आधी कोयतीने सोलून घ्या आणि खोड ओंडक्यावर उचलून घ्या, म्हणजे शेवटचा काप जमिनीत जात नाही. भुसा पिठासारखा बारीक पडू लागला की चेन बोथट झाली असे समजावे. बोथट चेन माणूस जोराने दाबतो, आणि दाबल्यामुळेही ती उतरते.

भिरूड (रात्री ८:३०)

आमच्या भुशावरून बागाईतदार आम्हाला ओळखतो. तुमच्या भुशावरून तुमची चेन ओळखता येते, हे वाचून बंधुभाव वाटला.

आडवाट (रात्री ८:५२)

उसळीबद्दल दोन शब्द लिहितो, कारण जोडणी कितीही अचूक असली तरी तिच्याने ही टळत नाही. बारच्या नाकाचा वरचा चतकोर भाग लाकडाला किंवा मागच्या फांदीला टेकला, की चेन तेथे अडते आणि संपूर्ण बार क्षणात वर, आपल्या तोंडाकडे उसळतो. फांद्यांच्या जाळीत कापताना हे हमखास घडते, कारण आपले लक्ष कापणाऱ्या फांदीवर असते आणि नाक पलीकडे कोठे लागते ते दिसत नाही. हाताची ढाल त्यासाठीच आहे. मनगट तिच्यावर आपटले की ब्रेक लागतो. म्हणून डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून गुंडाळलेला हवा, दोन्ही हात मुठींवर हवेत आणि डोके बारच्या रेषेत नको.

जोडणी झाल्यावर ब्रेकची परीक्षा घ्या. बॅटरी लावा, यंत्र मोकळ्या जागी दोन्ही हातांनी धरून क्षणभर चालवा आणि चालू असतानाच मूठ न सोडता डाव्या मनगटाने ढाल पुढे ढकला. चेन तत्काळ थांबली पाहिजे. थांबली नाही, तर ते यंत्र गडगासाहेबांकडे न्यावे. वाडीत नेऊ नये. डोळ्यांवर चष्मा, पायात बंद बूट आणि अंगात पायघोळ नसलेले कपडे असावेत. लुंगी नेसून हे यंत्र चालवणारे एक काका मला ठाऊक आहेत. त्यांच्या धैर्याबद्दल मी काही बोलणार नाही.

कातळफूल (रात्री ९:१०)

झाडावर चढून तर मुळीच चालवू नये. उंचावरच्या फांदीसाठी आम्ही लांब दांड्याचे यंत्र वापरतो आणि तेही जमत नसेल तर जुना करवतवाला बोलावतो. कापलेल्या जागी मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावायला विसरू नये, अन्यथा आमचे कीटकमित्र तेथे मुक्कामाला येतात.

पोफळवाला (बुधवार, दुपारी १२:१५)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज सकाळी ओटीवर जुने पोते अंथरले, बॅटरी देवघराच्या कपाटात ठेवली आणि सगळे उघडले.

गडगासाहेबांचा कयास तंतोतंत खरा ठरला. खुंटी बारच्या भोकात नव्हती. भोकाच्या अलीकडे बारला नुसती टेकली होती आणि तिने बारवर एक चकचकीत ओरखडा पाडला होता. मी इतके दिवस जो स्क्रू फिरवत होतो, त्याने काहीच होत नव्हते. सुरूचे बन यांचे घरटेही मिळाले. स्प्रॉकेटभोवती पोफळीच्या तंतूंचा एवढा गुंता होता की तो नखाने निघेना, पकड लावावी लागली. मुलीने तो घासणीच्या शेजारी ठेवून पाहिला आणि कोणती कोणती ते ओळखायला सांगितले.

साफ करून, खुंटी भोकात बसवून, नाक वर धरून जोडणी केली. खालची फट गेली, वर दोन बोटांनी तीनेक मिलिमीटर उचलते. मात्र हाताने फिरवताना चेन एकाच जागी अडखळते. ताण कमी केला तरी तेथेच अडखळते. हे काय असावे?

गडगा (दुपारी १:४०)

चेन उतरली तेव्हा ती फिरत्या स्प्रॉकेटवर घासली असणार. पोटाकडच्या दुव्यांच्या कडा त्यामुळे दबून बोथट होतात आणि खोबणीत अडकतात. चेन काढा आणि हातमोजा घालून दुवा न दुवा बोटांखालून न्या. एक-दोन ठिकाणी लोखंडाची कड वर आलेली लागेल. ती बारीक चपट्या कानशीने घासून सपाट करा. तीन-चारांहून अधिक दुवे असे असतील तर चेन नवीच घ्या.

नवी घेताना मात्र नुसते 'बारा इंची द्या' असे सांगू नका. बारवर मागच्या बाजूला तीन गोष्टी कोरलेल्या असतात: चेनचा पिच (म्हणजे दुव्यांमधील अंतराचे माप), खोबणीची जाडी आणि दुव्यांची संख्या. लहान यंत्रांत पिच बहुधा ३/८ इंच लो प्रोफाइल (कमी उंचीच्या चेनचा) असतो आणि जाडी १.१ किंवा १.३ मिलिमीटर. १.३ची चेन १.१च्या खोबणीत शिरतच नाही, हे निदान कळते तरी. १.१ची चेन १.३च्या खोबणीत मात्र सहज बसते आणि डुलत चालते; काप वाकडा जातो आणि चेन पुन्हा उतरते. तसेच बारा इंची बारला कोणाची ४४ दुव्यांची चेन असते, कोणाची ४५. कोरलेले पुसले गेले असेल, तर पोटाकडचे दुवे स्वतः मोजा. वरचे दात मोजू नका.

माजघर (दुपारी २:०५)

मोजताना एका दुव्याला खडूची खूण करावी. आमच्याकडे तीन वेळा मोजले आणि तीन वेगवेगळी उत्तरे आली.

पोफळवाला (शुक्रवार, सायंकाळी ६:२०)

सहा दुवे दबलेले निघाले, म्हणून कानशीचा नाद सोडला. वहिनींच्या सूचनेप्रमाणे खडू लावून मोजले. ४५ भरले, आणि बारवर घासून पाहिल्यावर १.१ असे दिसले. तालुक्याच्या दुकानात पहिल्याने ४४ची चेन पुढे आली, 'बारा इंचाला हीच लागते' असे सांगून. मी जुनी चेन पिशवीतून काढून काउंटरवर ठेवली, तेव्हा मागच्या खोलीतून ४५ची आली.

आज दुपारी ती बसवली. ब्रेक लगेच लागतो. ताण चार कापांनंतर एकदा, निवल्यावर, थोडा वाढवावा लागला. त्यानंतर उरलेल्या तीन पोफळी आणि काजूचे अर्धे खोड झाले, दर दोन खोडांना कव्हर उघडून. चेन उतरली नाही. वर्तमानपत्रावर तेलाची रेघ उमटली आहे, तो कागद आईने रद्दीत न टाकता जपून ठेवला आहे, कारण त्यावर तिचे शब्दकोडे अर्धे सोडवलेले होते.

भिरूड (सायंकाळी ६:३१)

काजूचे उरलेले अर्धे खोड तसेच राहू द्यावे, अशी विनंती आहे.